नातीचा करार

पत्नी जाऊन दोन महिने झाले होते. वाईच्या घरात मी कपाटातली पुस्तकं काढून, पुसून, पुन्हा तिथेच ठेवत असे. एके दिवशी सांगलीहून मुलीचा फोन आला. तेरा वर्षांच्या नातीला एका फुटबॉल अकादमीने निवडलं होतं. जावई लष्करात, लांब. "बाबा, करार घेऊन माणूस येतोय. तुम्ही जरा वाचून बघा." वाचणं ही माझी एकमेव ख्याती. मी लगेच एसटी धरली.

करार पुन्हा पुन्हा वाचला. शुद्धलेखनाच्या चुका झटकन सापडल्या. चार वर्षं दुसरीकडे खेळायचं नाही आणि शाळेचा मूळ दाखला अकादमीकडेच राहणार, हे जरा उशिराने खटकलं. ते मी त्या माणसाला इतक्या सौम्यपणे विचारलं की त्याला ती तारीफ वाटली असावी.

"आवं सर, समद्या पोरींचं आसंच आसतंय. करा सही."

मग मला शक्कल सुचली. जन्मभर कर्मकांडाची टिंगल करणारा मी, चेहरा गंभीर करून म्हणालो, "घरात दुःख आहे. वर्षभर आमच्यात काही नवं ठरवत नाहीत."

"लग्नं तर वर्षाच्या आत उरकता की तुमी!"

शास्त्रार्थात मी साफ हरलो. मुलगी ओढणी तोंडाला लावून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मलाही फारसं लागलं नाही.

तेवढ्यात नात म्हणाली, "काका, घरी कुणाला काही झालं तर लगेच सोडता का?"

आजी गेली तेव्हा ती स्पर्धेसाठी परगावी होती. तिच्या प्रशिक्षकांनी सामना संपल्यावरच तिला सांगितलं. ती पोचली तेव्हा आम्ही घाटावरून परतलो होतो.

माणूस चाचरला. "ते वर इचारावं लागंल."

"करारात नाहीये?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पानं उलटली. नव्हतं. इतक्यांदा वाचून मला ते नसल्याचं कळलं नव्हतं.

"मग लिहून आणा," ती म्हणाली. "आणि दाखल्याची झेरॉक्स देईन, दाखला नाही. मला यायचंय, काका. खरंच यायचंय."

"इचारून सांगतो," म्हणत त्याने कागद गोळा केले. दारात चपला घालताना मला म्हणाला, "सर, लय तयार केलीत तुमी पोरीला."

मी नाही म्हणालो नाही.

आत नात उशीत तोंड खुपसून रडत होती. "तो परत आलाच नाही तर?"

मी घसा साफ केला, चष्मा पुसला.

"तर दुसरी अकादमी शोधू," तिची आई म्हणाली.

सुचलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो.