आण्णांचा रेफरन्स

नोकरीच्या अर्जात रेफरन्स म्हणून मी वडिलांचं नाव आणि मोबाईल नंबर दिला.

चूक सर्वस्वी माझी. युनिव्हर्सिटीच्या करिअर सेंटरमधल्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की तुमचं काम जवळून पाहिलेली तीन माणसं द्या. दोन प्राध्यापक कसेबसे मिळाले. तिसऱ्यापाशी गाडी अडली. ज्या सरांच्या हाताखाली प्रबंध केला ते मला चेहऱ्यानं ओळखायचे, नावानं नाही. मग म्हटलं, आपलं काम जन्मापासून जवळून पाहिलेला माणूस एकच. अणदूरला राहतो, फोन पहिल्या घंटीला उचलतो, आणि आपल्याविषयी वाईट बोलणार नाही. 'तुमचं नातं' या रकान्यात मी बराच विचार करून लिहिलं, 'वरिष्ठ'.

गाव सोडलं तो दिवस आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचं अणदूर हायवेवर. सोलापूर-हैदराबाद गाड्या रात्रंदिवस कानावरून जातात. आई मी शाळेत असताना गेली. अक्कानं मला वाढवलं, मग आण्णांनी तिला भूमला दिली. घरात उरलो दोघं, आण्णा आणि मी. आणि आता मीही हैदराबादला एमएस्सीला निघालो होतो, उपग्रहाच्या फोटोंवरून पिकांचा अभ्यास करायला. फाट्यावर आण्णांच्या डोक्यावर माझी ट्रंक, माझ्या हातात भाकरी-चटणीचं गाठोडं, आणि मार्कशीटच्या फाईलमध्ये त्यांनी खोचलेली खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी.

लांबून काहीतरी लाल आलं. आण्णांनी रस्त्यात जाऊन हात केला. ट्रक होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारून डोकं बाहेर काढलं, "कांदा भरलाय मामा. वर बसताव काय?"

"लाल दिसली म्हनून हात केला," आण्णा म्हणाले आणि बाजूला झाले.

मी पोट धरून हसलो. खरी एसटी आल्यावर मीच हात केला. बस सुटली तेव्हा आण्णा खाली उभे राहून हात हलवत होते, पण माझ्या खिडकीकडं नाही, तिसऱ्या खिडकीकडं. तिथल्या अनोळखी बाईनं बिचारीनं परत हात हलवला. उमरगा येईस्तोवर मला हसू आवरत नव्हतं. हॉस्टेलवर पहिली ओळख मी हीच गोष्ट सांगून करून घेतली.

करिअर सेंटर लायब्ररीच्या तळमजल्यावर होतं. खरं सांगायचं तर मी तिथं जायला लागलो ते एसीसाठी आणि फुकट कॉफीसाठी. भिंतींवर हातात लॅपटॉप घेऊन खदाखदा हसणाऱ्या माणसांची पोस्टरं होती. मॅडमसमोर फाईल उघडली तर भंडाऱ्याची पुडी फुटलेली. सगळी मार्कशीटं पिवळीजर्द. मॅडमनी माझा सीव्ही चिमटीत धरून विचारलं, "हा किती वर्षं जुना आहे?"

मग मॉक इंटरव्ह्यू. स्वतःबद्दल सांगा म्हणाल्या. मी आजोबांपासून सुरुवात केली. ते निजामाच्या काळात कसे होते, विहीर कुणी पाडली, काळ्या रानात काय येतं, मुरमाड रानात काय येतं. मॅडम म्हणाल्या, "यात तू कधी येणार आहेस?"

शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला, जो नोकरी मागणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?

"घरी," मी म्हणालो.

"सुट्टीत?"

"नाही. कायमचं. अणदूरला."

मॅडमनी चष्मा काढला. आवाज एकदम मऊ केला. "हे उत्तर खरं आहे हे मला कळतंय. ते मनात ठेव. तोंडावर दुसरं ठेव." त्यांनी दुसरं लिहूनही दिलं. त्यात टीम होती, लीडरशिप होती, नव्या शहरात जायची तयारी होती. हॉस्टेलच्या बाथरूमच्या आरशात मी ते इतकं घोकलं की शेजारच्या बिहारी पोरालाही पाठ झालं. त्याला त्या जोरावर माझ्याआधी नोकरी लागली.

माझा नंबर नंतर लागला. अर्ज, परीक्षा, इंटरव्ह्यू, सगळं पार पडलं आणि मग उपग्रहाचे फोटो तपासणाऱ्या एका कंपनीच्या एचआरमधून फरहाना नावाच्या मुलीनं रेफरन्सना फोन लावले. दोन प्राध्यापकांनी उचलले नाहीत. तिसऱ्यानं पहिल्या घंटीला उचलला.

ते बोलणं मला फरहानानंच सांगितलं, मी कामावर रुजू झालो त्या आठवड्यात, कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर, आण्णांचा आवाज काढून. ती हैदराबादची, आण्णांची हिंदीही तिकडचीच. दोघांचं चांगलं जमलं म्हणे.

"आप बालाजी के सीनियर हैं?"

"हौ. बहुत सीनियर."

लडका कैसा है, असं तिनं विचारलं आणि तिथं घात झाला. आमच्याकडं मुलगा कसा आहे हे फोनवर परकं माणूस विचारतं ते एकाच कामासाठी. आण्णांनी सोयरिकीला सांगतात तसं सगळं सांगितलं. दारू नाही, तंबाखू नाही. ताटात वाढलेलं टाकत नाही. भाकरी स्वतः थापतो, गोल येत नाही पण भाजते चांगली. रागीट नाही. थोडा बावळट आहे, ते आधीच सांगितलेलं बरं. तुमची मुलगी सुखात राहील.

मुलगी नाही, नोकरी आहे, असं फरहानानं समजावलं. बदली लांब होईल, दिल्लीकडं. घरी म्हातारं कुणी त्याच्यावर अवलंबून आहे का? मध्येच सोडून तर जाणार नाही ना?

आण्णा म्हणाले, "हमारी फिकर नक्को करो. हमारी नजर लई तेज है. फाटे पे खडा रहके बस की पाटी दूर से पढता मैं. लडका दिया समझो तुमको."

कँटीन हसून लोळलं. मीही हसलो. त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव पडलं 'दामादजी'. गुडगावला बदली झाली तरी ते नाव माझ्या आधी तिथं पोचलं होतं.

लाल ट्रक मला तेव्हाही आठवला असणार. पण हसण्यासाठी. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं काम मी पगार घेऊन दुसऱ्यांच्या शेतांसाठी करत होतो.

गुडगावात चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. 'रान' म्हणायचो ते 'प्लॉट' झालं, 'दुपारचं' म्हणायचो ते 'लंच'. विमानानं हैदराबादला दोन-अडीच तास, पुढं बस. आणि मी मात्र सातासमुद्रापलीकडं असल्यासारखा दिवाळीत दोन दिवस जायचो. ज्यांनी ज्यांनी गाव सोडलं त्यांना हे दोन दिवस माहीत आहेत. एक दिवस पोचण्यात जातो, एक निघण्यात. आण्णा माझा दंड चाचपून बघायचे, वाळलास म्हणायचे. मला वाटायचं, माया. चहा गाळताना कपाच्या काठावर बोट ठेवायचे, ते चहात बुडायचं. त्यावर मी त्यांना स्वच्छतेवर भाषण दिलं. होय, दिलं. शेतावर जाऊ म्हटलं की म्हणायचे, "चिखल हाय, तुजे बूट खराब हुतेल. बस घरीच."

आणि गुडगावच्या पार्ट्यांत मी फरहानाच्या फोनची गोष्ट सांगायचो. माझी सगळ्यांत हुकमी गोष्ट. 'लई तेज है' म्हणताना मी भुवया उडवायचो.

गेल्या हिवाळ्यात कामावर सोलापूर-धाराशिवचा पट्टा माझ्याकडं आला. आमच्या उपग्रहाच्या फोटोत उभं पीक लाल दिसतं, मोकळी जमीन राखाडी. ज्वारी जोमात असायचे दिवस. सहज म्हणून अणदूर मोठं करून पाहिलं. हायवे, गाव, ओढा, विहीर. चहूकडं लाल आणि मधोमध आमचं रान राखाडी. आदल्याच रविवारी आण्णा फोनवर म्हणाले होते, "ज्वारी डोस्क्याला लागाय आली."

मी अक्काला फोन लावला. आपलं रान मोकळं दिसतंय म्हटलं.

"दिसलं व्हय तुला? इथं यिऊन दिसलं न्हाय, आभाळातनं दिसलं?"

मग तिनं सांगितलं. काचबिंदू. एक डोळा मी हैदराबादला जायच्या आधीच गेला होता, दुसरा हळूहळू. ती सोलापूरला घेऊन गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नसते, लवकर का आला नाहीत. आण्णांनी तिला खंडोबाची शपथ घातली होती, बाळूला सांगायचं नाही. यंदा पेरणी झालीच नाही. घरातल्या घरात दोनदा पडल्यावर ती त्यांना भूमला घेऊन आली.

आण्णा लेकीच्या घरी. जुन्या वळणाच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. मी गेलो तेव्हा ओसरीवर बसले होते, शेजारी स्वतःचं ताट आणि तांब्या. दोन्ही अणदूरहून आणलेली. म्हणजे अन्न लेकीचं, पण ताट आपलं.

मी म्हणालो, गुडगावला चला. ते म्हणाले, "चवदाव्या माळ्यावर म्या कुनाचा आवाज ऐकू?" मग मी म्हणालो, नोकरी सोडतो, अणदूरला येतो, दोघं राहू.

नुसतं म्हणालो नाही. करिअर सेंटरला फोनही केला होता. मॅडम अजून तिथंच आहेत. धाराशिव, सोलापूर, कुठंही काहीतरी बघा म्हटलं. त्यांनी बघितलं, आणि तुझ्या कामाचं तिकडं काही नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझं ते पहिलं उत्तर मला अजून आठवतं. मी तुला बदलायला लावलं होतं." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही तोंडावरचं बदलायला सांगितलं होतं. आतलं मी स्वतःच्या हिमतीवर बदललं.

पण आण्णांना नोकरी सोडणं मान्य नव्हतं. नजर दाराकडं, मी होतो दुसऱ्या बाजूला. म्हणाले, "म्या त्या फोनवाल्या बाईला शब्द दिलाय. दिलं म्हनून सांगितलं. आता तूच माघारी आलास तर काय म्हनंल ती?"

"ती विसरली असेल, आण्णा."

"म्या न्हाय इसरलो."

एवढंच बोलणं झालं. आता मी हैदराबादहून येतो तेव्हा बस अणदूर फाट्यावर थांबते. कंडक्टर 'अणदूर, अणदूर' ओरडतो आणि मी बसून राहतो. घराला कुलूप आहे, किल्ली भूमला अक्काच्या कनवटीला. सोलापूरला जाऊन मी भूमची गाडी धरतो. घर कुठं, असं कुणी विचारलं तर अजून अणदूरच सांगतो, पण उतरत नाही.

त्या पहिल्या वेळी भूमहून निघताना आण्णांच्या पाया पडलो. त्यांनी दंड चाचपला, वाळलास म्हणाले. अक्का भूमच्या स्टँडवर सोडायला आली. पिशवीत चटणी, धपाटी, शेंगाचे लाडू असं काय काय कोंबत होती. मी बसच्या दारात, चारचौघांत, मोठ्यानं रडलो. मागचे लोक चढायचे थांबले. अक्कानं इकडंतिकडं पाहिलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि पिशवी हातात देत म्हणाली,

"उगी आता, गप. आण्णांनी दोन पोरी दिल्या घरातनं, एक भूमला, एक दिल्लीकडं. त्यातली एक तरी यिऊन-जाऊन हाय."