काट्यावरची बडबड
वाळल्या हळदीचा वास आला की मला हट्टा गावच्या रस्त्यावरचा तो वजनकाटा आठवतो. हळदीचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि काट्याचा संगणक बंद पडला होता, म्हणून मला हिंगोलीहून बोलावलं होतं. उघडून बघितलं तर डिस्क गच्च भरलेली. संगणकाचा कर्नल, म्हणजे आतला कारभारी, एकच तक्रार सेकंदाला शेकडो वेळा लिहीत बसला होता. मी जुन्या नोंदी पुसल्या, पाच सेकंदांत दहाच वेळा बोलायचं असा नियम त्याला लावला आणि काटा सांभाळणाऱ्या मामांना ऐटीत सांगितलं, "आता गप राहील." तो गप राहिला, पण भरला ट्रॅक्टर काट्यावर चढला तरी पडद्यावर शून्यच. "वजन काहून येऊन नाही राहिलं?" ट्रॅक्टरवाला वरूनच ओरडला. मामांनी मला हळूच विचारलं, "ते एवढं काय सांगून राहिलं होतं, ते वाचलं का तुमी?" मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. काट्याची वायर निसटतेय, एवढंच ते बिचारं म्हणत होतं. मी टेबलाखाली वाकलो, वायरीवर फुंकर मारली आणि ती घट्ट बसवली. पडद्यावर वजन आलं, पण वायरीवर साचलेली सगळी हळद माझ्या तोंडावर आली. "साहेबाला हळद लागली," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आता वाजंत्री तेवढी सांगा." पुढे माझं लग्नही झालं. आता बायकोनं एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली, की मी मुकाट्यानं आधी टेबलाखाली वाकून बघतो.