दादाने निवडलेली जागा

तार शाळेत आली. एप्रिलमधली सकाळची शाळा होती आणि मी सातवीच्या वर्गावर होते. मुख्याध्यापक शिपायाला न पाठवता स्वतः दाराशी आले, "बाई, जरा बाहेर या" म्हणाले, आणि त्यांच्या हातातला कागद बघण्याआधीच मला कळलं. माझा थोरला भाऊ मधुकर राजस्थानच्या वाळवंटातल्या आपल्या तळावर, भर दुपारी, काम करता करता हृदय बंद पडून गेला होता. माझं दुसरं कोणी नव्हतं आणि त्याचंही नव्हतं. मालवणहून कोल्हापूरची एस.टी., मग गाड्या बदलत बदलत वाळवंटाच्या काठापर्यंत आणि पुढे जीप... तिकडच्या उन्हात तेवढा वेळ थांबणं शक्यच नव्हतं. पोस्टात जाऊन उलट तार मीच केली, की माझी वाट पाहू नका, पुढचं उरकून घ्या. पोस्टमास्तर ओळखीचे. त्यांनी शब्द मोजले नाहीत, माझ्याकडे वर मान करून पाहिलंही नाही. घरी आले, आंघोळ केली आणि मग दिवसभर काय करायचं ते सुचेना. त्याचं तोंड शेवटचं बघितलं नाही, म्हणून आजही कधीतरी वाटतं, तो नुसता यायचा राहिला आहे.

आमचे वडील चिऱ्यांचे ठेकेदार होते. मालवणच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, त्यांची जांभ्या दगडाची खाण होती आणि दादाचं बालपण त्या खाणीच्या काठावरच गेलं. चिरा पाणी पितो आणि घाटातला काळा दगड पीत नाही, हे त्याला शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतं. पुढे कॉलेजात त्याने भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा वडील लोकांना सांगत, "आमचो मधू दगडांची शाळा शिकता," आणि ऐकणारे हसत. जमिनीखाली तेल आणि वायू शोधणाऱ्या सरकारी खात्यात त्याला नोकरी लागली, ती पन्नास सालानंतरची उमेदीची वर्षं होती. देशात कुठे ना कुठे काहीतरी सापडेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. पहिली काही वर्षं तो पूर्वेकडे होता, मग त्याला वाळवंटात धाडलं. लग्नाचं बोलणं दोनदा निघालं. एकदा मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा राहतो कुठे? दादाने खरं तेच सांगितलं, तंबूत. ते बोलणं तिथेच संपलं आणि पुढे त्याने स्वतःच तो विषय मिटवला. मी घरी आई-वडिलांजवळ राहिले. ते दोघे एकापाठोपाठ गेल्यावर मालवणात मी आणि तिकडे तो, असे आम्ही देशाच्या दोन टोकांना उरलो.

आई गेली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दादाने मला तिकडे बोलावून घेतलं. नेमकी त्याच दिवसांत तिथली वायूची पहिली विहीर लागली होती. मी जीपमधून उतरले तेव्हा दूरवर एका आडव्या नळाच्या तोंडाशी ज्योत भडकलेली दिसत होती, दिवसाउजेडीसुद्धा लाल. तळावर सण होता. कढईत जिलब्या पडत होत्या, मोठे साहेब दिल्लीहून आले होते, कोणी मंत्री येऊन घोषणा करणार म्हणून मांडवाची बोलणी चालू होती. दादा मात्र विहिरीच्या तोंडाशी बसवलेल्या घड्याळासारख्या यंत्रापाशी उभा होता. आतला वायू किती जोराने रेटतो आहे ते त्याचा काटा दाखवतो, असं त्याने मला सांगितलं. जेवताना मोठे साहेब त्याला हसत म्हणाले, "तुम्हाला आनंद होत नाही वाटतं?" दादा म्हणाला, "होतो आहे, साहेब. पण काही आठवडे विहीर अशीच वाहू द्या. काटा टिकला तर घोषणा करू." साहेबांचं हसणं मावळलं. पंगतीत बसल्या बसल्या मला उगाचच आपण परक्या घरी जेवतो आहोत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथे लाकडी पेट्यांतून जमिनीच्या पोटातून काढलेल्या दगडाच्या लांब कांड्या मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर किती खोलीवरची ते लिहिलेलं. त्याने त्या नव्या विहिरीतल्या एका कांडीवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मण्यासारखा तसाच बसून राहिला. दुसऱ्या कांडीवर टाकला तो हळूहळू आत मुरला.

"दोनय वाळयेचेच दगड," तो म्हणाला. "पण पयल्यात खड्यांच्या मधी माती आणि चुनो घट्ट बसलोहा. गॅस आत आसा गो, नाय असां नाय. घरां आसत, पण दारां नाय. मगे तो भायर येतलो खंयसून?"

"मगे ती विहीर थंय मारूक कोणी सांगली?"

"मीच," दादा म्हणाला. "थर जाड दिसलो, म्हणान भुललंय. आता नुसती जाडी बघूची नाय. खडे सुटे होये, माती कमी होयी, नि दगडाक भेगो होयो. भेगो आसल्यो तरच गॅसाक वाट."

मग त्याने पातळ कागदावर काढलेले नकाशे आणले. एकावर थराची जाडी रंगवलेली, एकावर दगड किती स्वच्छ ते, एकावर भेगा कुठे असाव्यात त्याचा अंदाज, एकावर खालचं खारं पाणी कुठवर येतं ते. ते सगळे एकमेकांवर ठेवून त्याने खिडकीच्या काचेला लावून धरले. बाहेरचं लख्ख ऊन आरपार आलं आणि दक्षिणेच्या अंगाला एका लहानशा तुकड्यात सगळे चांगले रंग एकमेकांवर पडलेले दिसले. नखाएवढी जागा. तिथे थर जाड नव्हता, म्हणून तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. दादाचे हात वर धरून दुखायला लागले तरी तो नकाशे खाली घेईना. त्याच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

मी निघाले तोवर ज्योत अर्धी झाली होती. मंत्री आले नाहीत. दुसरी विहीर दक्षिणेला मारा, असं दादाने लेखी दिलं. पण मोठ्या साहेबांना जाड थर सोडवेना. पहिलीच्या शेजारीच दुसरी खणली आणि ती पहिलीपेक्षाही लवकर दमली. मग विचारपूस सुरू झाली तेव्हा पहिल्या जागेखाली सही दादाची होती, तेवढीच सगळ्यांना दिसली. त्याने ती नाकारली नाही. खणायची यंत्रं गुजरातेत हलवली गेली, तिकडे जमीन सहज तेल देत होती. माणसंही तिकडे गेली. दादाला मुंबईच्या कचेरीत बदली देऊ केली होती, ती त्याने घेतली नाही. मागे उरलेल्या लहानशा तळावर तो, त्याचा हाताखालचा तरुण अधिकारी माथूर, एक स्वयंपाकी आणि शेडमधल्या त्या पेट्या, एवढेच राहिले. वर्षामागून वर्षं तो त्या कांड्या पुन्हा पुन्हा तपासत बसला.

शेवटचा तो गणपतीत आला. खूप वाळला होता. विसर्जनानंतर आम्ही दोघं वडिलांच्या बंद पडलेल्या खाणीकडे चालत गेलो. खाणीत पावसाचं पाणी भरलं होतं, कडेने रान माजलं होतं. मी मनात ठरवून आले होते ते बोलले.

"दादा, आता पुरे झाला. घराक ये. हयच्या हायस्कुलात सुदा तुका घेतीत."

"येतलंय गो. ती एक जागा बघूक गावली काय येतलंय."

"आणि नाय तुका दिली तर?"

त्याने चिऱ्याचा एक तुकडा उचलून पाण्यात टाकला. "खरां सांगू? माका आता हय रवाक जमात काय नाय, तांच कळणा नाय. थंय आसलंय काय हयची याद येता, नि हय इलंय काय थंयची..." परतताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, लहानपणी ठेवायचा तसा.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी माथूर अस्थी घेऊन मालवणला आले. एवढ्या लांबून, वाटेत कोणाकोणाला पत्ता विचारत. अस्थी आम्ही जवळच्या वायरी गावच्या किनाऱ्यावरून होडीतून आत नेऊन सोडल्या. घरी परत आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी आपल्या हिंदीत मला जे सांगितलं, ते मला मुळीच माहीत नव्हतं. दादाच्या शेवटच्या हिवाळ्यात खणायचं एक यंत्र थोडे दिवस मोकळं होतं. माथूरांनी खटपट करून ते मागवून घेतलं आणि दादाने दाखवलेल्या दक्षिणेकडच्या जागी विहीर खणली. वायू आला. फार जोराचा नव्हता. ज्योत लहानच होती. पण दादा रोज काट्यापाशी जाऊन बसे आणि काटा ढळला नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले, तरी ढळला नाही. बघायला दिल्लीहून कोणी आलं नाही, मांडव नाही, काही नाही. यंत्र आणि त्यावरची माणसं तोवर परत गेली होती; काटा टिकला असं दादाने म्हटलं त्या दिवशी स्वयंपाक्याने शिरा केला आणि तिघांनी खाल्ला. मग विहिरीच्या तोंडावर झडप बसवून ती बंद केली, कारण तिथून नळ टाकून न्यावा असं जवळ गावच नव्हतं. कधीतरी उघडतील, माथूर म्हणाले. मी विचारलं, मला का कळवलं नाही त्याने? ते म्हणाले, "मीही म्हटलं त्यांना, बहिणीला तार करा. तर म्हणाले, घरी जाऊन समोर बसून सांगणार आहे. रजेचा अर्ज दिला होता त्यांनी."

जाताना माथूरांनी दादाचा ट्रान्झिस्टर माझ्या हाती दिला आणि जरा संकोचून एक गोष्ट विचारली. रोज संध्याकाळी दादा कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी सांगतात ते हवामान लावून बसत असे. खरखरीतून दोन शब्द जेमतेम ऐकू येत, तरी कान लावून. चहूकडे वाळू आणि हा समुद्राची खबर ऐकतो, म्हणून स्वयंपाकी थट्टेने विचारी, "साब, समंदर कैसा है?" दादा गंभीरपणे सांगे, "ठीक है." असं का करायचे ते, एवढंच माथूरांना जाणून घ्यायचं होतं. मी ट्रान्झिस्टरवरची वाळू पदराने पुसली.

आता रोज दिवेलागणीला मी तो ट्रान्झिस्टर ओट्यावर ठेवून लावते. समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याची गाज ऐकायला मला कशाची गरज नाही. तरीही ते हवामान संपेपर्यंत मी जागची हलत नाही. परवा शेजारची गाबतीण कुंपणापाशी थांबली. तिचा नवरा होडी घेऊन मासेमारीला गेलेला होता, म्हणून तीही ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "बाई, तुमचां कोण गेलां आसा दर्यार?"

"कोण नाय गो," मी म्हटलं.

ती गेली. मी रेडिओ बंद केला नाही. पुढे कसलंसं गाणं लागलं, बातम्या झाल्या, आणि मी तशीच बसून राहिले.