सीटखालचं झाकण

देवासच्या मेकॅनिकनं मला फसवलं, आणि त्याच्या शब्दावर विसंबून मी धारच्या मेकॅनिकला भर बाजारात चोर म्हटलं. आधी एवढं लिहून ठेवते, बाकीचं त्यानंतर.

मी जुन्या शिलाई मशिनी घेते, दुरुस्त करते आणि विकते. धारमध्ये दुसऱ्याच्या ओट्यावर बसून सुरुवात केली. आज माझी व्हॅन आहे, माझ्या कमाईची, शोरूममधून नवी घेतलेली. भाव करण्यात माझ्यापुढे फारसं कोणी टिकत नाही. कुठलंही काम करून घेताना माझे दोन नियम असतात: कारागिराच्या शेजारी उभं राहायचं आणि काढलेला जुना पार्ट हातात घ्यायचा. धारच्या मेकॅनिकला हे पाठ होतं. आधी माझी स्कूटर आणि मग व्हॅन, सगळं त्याच्याचकडे. जुना पार्ट तो न मागता पुडीत बांधून द्यायचा आणि म्हणायचा, "लो भाभी, तुम्हारी अस्थियाँ."

चार महिन्यांपूर्वी देवासला टेकडीखाली एका गिऱ्हाइकाकडे मशिनी उतरवल्या आणि व्हॅन चालू होईना. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. मी नवऱ्याला फोन करत होते, ते शेजारच्या गॅरेजवाल्यानं ऐकलं.

"काकू, आपण मराठी? आमचे पणजोबा इथल्या धाकट्या पातीच्या राजांच्या दरबारात कारकून होते."

इथं माळव्यात दिवसभर हिंदी बोलून जीभ थकलेली असते. परक्या गावात कोणी 'काकू' म्हटलं की आमची निम्मी अक्कल तिथंच गळून पडते. तो म्हणाला, "उन्हात कशाला उभ्या राहता? घरात बसा." घर गॅरेजच्या मागेच होतं. त्याच्या बायकोनं चहा दिला, बशीत शंकरपाळे दिले. आणि मी बसले. मी! घासाघीससुद्धा केली नाही.

तासाभरानं व्हॅन चालू झाली. "टाकीतला पंप गेला होता, काकू. नवा टाकलाय. राग मानू नका, पण आधीचा डुप्लिकेट होता. तुमच्या धारवाल्यानं ओरिजिनल काढून घेतलेला दिसतोय."

"जुना कुठाय?"

"भंगारवाला आत्ताच घेऊन गेला. पेट्रोलचा वास मारतो हो, तुम्ही कुठं नेणार?"

एरवी मी भंगारवाल्याच्या मागे धावले असते. त्या दिवशी 'बरं' म्हणाले आणि मागेल तेवढे पैसे दिले.

धारला पोचले ती थेट त्या दुकानावर. चार टॅक्सीवाले उभे होते. त्यांच्यासमोर मी तोंडाला येईल ते बोलले. तो हात पुसत म्हणाला, "भाभी, मैंने तो पंप का ढक्कन खोला ही नी." मी म्हटलं, चोर हेच म्हणतो.

गेल्या आठवड्यात सकाळी पीथमपूरला मशिनी पोचवायच्या होत्या आणि व्हॅननं पुन्हा तेच केलं. नवरा म्हणाला, "कुणाला तरी बोलवू." मी म्हटलं, "नाही. जो येईल तो आपल्या सोयीचं सांगेल. आज मीच बघणार. तुम्ही फक्त किल्ली फिरवा."

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"मोटर कळते. बसा."

सेल्फ दणक्यात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोल निम्मं होतं. डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा रोजच्यासारखाच लागून विझत होता, म्हणजे गाडीनं किल्ली ओळखली होती. मग मी मागच्या सीटला कान लावला. किल्ली फिरवली की दोन सेकंद पंपाचा बारीक आवाज यायला हवा.

"आला का?" नवरा पुढून ओरडला.

"तुमचाच येतोय. गप्प बसा!"

पंपाचा आवाज नव्हता. फ्यूज शाबूत होता. पंपाला वीज सोडणारा रिले काढून हॉर्नच्या जागी लावला, दोन्ही सारखेच असतात. हॉर्न वाजला, म्हणजे रिलेही बरा. सीट उचलून, झाकणाबाहेर येणाऱ्या पंपाच्या वायरच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला, तोच जो मी रोज मशिनीच्या मोटरींना लावते. किल्ली फिरली तसा दिवा दोन सेकंद लागला. वीज पंपापर्यंत येत होती. पंप फिरत नव्हता. चार महिन्यांचा नवा पंप!

प्लग परत जोडला. नवऱ्याला रबरी हातोडा दिला आणि किल्ली मी घेतली. "टाकीला खालून ठोका. हळू. आणि आधी डॅशबोर्डवरच्या देवाची अगरबत्ती विझवा, पेट्रोलजवळ देवपूजा नको." दोन ठोके पडले, मी किल्ली फिरवली आणि इंजिन पेटलं. मोटरीचे ब्रश झिजले की असंच होतं, ठोकलं की काही दिवस, कधी काही महिने चालते.

इंजिन बंद केलं. सीटखालचं गोल झाकण काढलं. आत पंपाच्या सगळ्या स्क्रूंवर एकसंध गंज, चिखलाचा थर बसलेला. पाना कधी लागलेलाच नाही. थर पुसला तर पंपावर गाडीच्याच वर्षाचा शिक्का. पंप कंपनीनं बसवलेला, पहिलाच. म्हणजे धारवाल्यानं काही काढलं नव्हतं आणि देवासवाल्यानं काही टाकलं नव्हतं, नुसती टाकी ठोकून पैसे घेतले होते.

मी तशीच व्हॅन घेऊन धारच्या दुकानावर गेले. ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "गलती मेरी थी. पंप असली है, तुमने छुआ भी नी."

त्यानं वाकून स्क्रू पाहिले. "गाड़ी तो मैं ठीक कर दूँगा भाभी. पर उस दिन जो चार खड़े थे, वो अब आते नी. उनके सामने कौन बोलेगा?"

त्या चौघांना मी एकेकाला गाठलं. एक जण हसून म्हणाला, "अरे भाभी, आप तो तब भी इतनी ही पक्की थीं." माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली होती. आता एकाच माणसाचा शब्द उपयोगाचा होता.

देवासला फोन लावला. आधी तो हसला. मग म्हणाला, "काकू, पैसे परत देतो, पण आपलं आपल्यातच मिटवू. आपल्या माणसाची बाहेर शोभा कशाला?"

मी त्याला म्हटलं, पैसे तुझ्याकडेच ठेव. यात मी भाव करणार नाही. माझी चूक मी भर दुकानात बोलून आले, आता पाळी तुझी आहे. धारला ये, त्या दुकानासमोर उभा राहा, त्या चौघांना मी घेऊन येते. त्यांच्या तोंडावर सांग की ते झाकण तू उघडलंच नव्हतंस आणि एका सच्च्या कारागिराला चोर ठरवलंस. मराठीत नको, हिंदीत सांग, सगळ्यांना कळेल असं. कधी येतोस?