धुतलेला फिल्टर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला ठाऊक नाही. आईला सांगणार होते, पण ती गेली. तुम्हाला सांगते — सरळ सांगता येईल की नाही, देव जाणे.

अमरावतीला मी आणि सायमा एकाच सरांच्या प्रयोगशाळेत पीएचडी करायचो. ती अकोल्याची, माझ्या मागून आलेली, मला ताई म्हणायची. भातकुलीकडची खारपाणपट्ट्यातली माती आणायची, तिच्यातले जिवाणू वेगळे करायचे आणि त्यांच्यात कोण कुणाला पोसतं ते मोजायचं, हे आमचं काम. माझ्याकडे दोन होते, एक पिवळा, एक पांढरा. पिवळ्याला खुराकाच्या पाण्यात वाढवायचं, मग त्याला गाळून काढून टाकायचं आणि मागे उरलेल्या पाण्यात पांढरा सोडायचा. पांढरा वाढला, तर पिवळा त्याला पोसतो. सोपं आहे, नाही?

माझी बाटली गढूळ झाली. म्हणजे पांढरा वाढला. सरांनी पेढे आणवले, आणि माझा अख्खा प्रबंध त्या गढूळ बाटलीवर उभा राहिला.

मग सरांनी तोच प्रयोग पडताळणीसाठी सायमाला दिला. तिची बाटली नितळच राहिली. पुन्हा केला, पुन्हा नितळ. सर तिला म्हणाले, "पोरी, तुया हाताले वळणच नाही."

आता फिल्टरचं सांगायला हवं. एकदा वापरून फेकायची ती नाजूक चकती आमच्याकडे धुऊन, उकळून पुन्हा वापरत. सगळेच वापरत — बघा, लगेच 'सगळेच' आलं तोंडात. सायमाने मात्र हट्टाने नवी मागून घेतली होती. माझी उकळून उकळून चिरली असेल, तर? पिवळाच तिच्यातून निसटला असेल, तर? ही शंका मला जेवू देईना. सर बाहेरगावी असताना मी माझ्या बाटलीतला थेंब जिवाणू उगवायच्या प्लेटवर पसरला. ठिपके उमटले ते सगळे पिवळे. पांढरा शोधूनही सापडेना. कुणी कुणाला पोसत नव्हतं, आणि सायमा बरोबर होती.

मी काय केलं? ती प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकली — जंतू मारायचा मोठा कुकरच तो — आणि झाकण आवळलं. घट्ट आवळलं.

सर परतले. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, चूक कुणाची असेल? सायमा माझ्याकडे बघत होती. भरवशाने बघत होती, हे मला आजही खुपतं. मी म्हटलं, "नवीन आहे सर, शिकेल." किती मायेने म्हटलं मी ते. सरांनी तिला शिकू दिलं नाही. सामान बांधून ती अकोल्याला परत गेली.

पाप लपत नाही म्हणतात. माझं लपलं. मी डॉक्टर झाले, प्राध्यापक झाले.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला एका लग्नात ती भेटली. शाळेत विज्ञान शिकवते. तिने माझे दोन्ही हात धरले. "ताई, मायापाई तुमाले लय तरास झाला तेव्हा. मायाच हात कच्चा होता. आता पोरायले प्रयोग मी सोता करून दाखवतच नाही, दुसऱ्या मॅडमले सांगतो."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "जाऊ दे गं, मी ते केव्हाच विसरले."