बिनमिठाचं भरीत

"मास्तर, गोळी घेतली का?"

सुधाकरचं माझ्याशी शेवटचं बोलणं एवढंच. दवाखान्यातली खाट, नाकात नळी, कॅन्सरनं अंगावर नुसती हाडं ठेवलेली... आणि चौकशी कुणाची, तर माझी! मी म्हटलं, "हो, घेतली." दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याला आता सव्वा महिना झाला. ती गोळी मी घेतलीच नव्हती, कारण अशी गोळीच नाही. मला बीपी नाही, कधीच नव्हतं. तीस वर्षांच्या दोस्ताशी मी शेवटचं बोललो, तेही खोटं.

सुधाकर मूळचा धुळ्याचा, दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर. मी जळगावात शाळामास्तर. आमची ओळख सायकलीवरची. सुट्टीच्या दिवशी मुक्ताईनगर, पाचोरा, कधी थेट धुळे. रिटायर झाल्यावर त्याच्या डोक्यात डॅन्यूब नदी शिरली. जर्मनीतून निघायचं, नदीच्या काठाकाठानं बुडापेस्ट गाठायचं, मुक्कामाला तंबू. मी हसलो, तर म्हणाला, "हायवेवर ट्रकांमधून सायकल काढतोस, तिथं तर सायकलींना वेगळा रस्ता!" त्यानं दोघांचा तंबू घेतला. त्याच्या गच्चीवर आम्ही तो वीसेक वेळा तरी उभा केला असेल. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. वहिनींनी दोघांपुरते ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, करून वाळवले. व्हिसा आला, तिकिटं आली.

आणि मी कच खाल्ली. परका मुलूख, परकी भाषा, रानात झोपायचं, काही झालं तर कोण? घाबरलो, बस्स. हे तोंडानं सांगायची लाज वाटली म्हणून निघायच्या दहा दिवस आधी त्याच्या घरी जाऊन ठोकून दिलं, "डॉक्टर नको म्हणतात. बीपी फार वाढलंय." तो चिडेल, शिव्या देईल, अशी मनाची तयारी करून गेलो होतो. त्यानं उठून मला पाणी आणून दिलं. म्हणाला, "मग मीबी नाही जात." मीच त्याला शहाणपणा शिकवला, जा म्हणून. तेव्हा तरी खरं बोलायचं होतं, पण कुठलं काय!

तो एकटा गेला. एकट्यासाठी छोटा तंबू घे म्हटलं, तर ऐकेना. दुपारी फोन यायचा, तिथं सकाळ असायची. मागे पाण्याचा आवाज, चहा ठेवलेला. तंबूत फोन फिरवून दाखवायचा. एका बाजूला त्याची पथारी, दुसरी बाजू रिकामी. "पाह्य, तुन्ही जागा मोकळीच शे!" ऑस्ट्रियात ओल्या रस्त्यावर सायकल घसरून त्याचं मनगट मुरगळलं. त्यानंतरचे आठ दिवस तो दोघांचा तंबू एका हातानं उभा करत होता, एक दांडी दातात धरून. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं. मी पण हसलो. फोन ठेवल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

परत येताना त्यानं माझ्यासाठी काय आणावं? बीपी मोजायचं यंत्र! आल्या आल्या माझ्या दंडाला पट्टा बांधला. मला वाटलं, आता पकडला गेलो. आकडा अर्थातच चांगला आला, आणि हा गडी नाचायचा तेवढा राहिला. "पाहिलं? मीठ तोडल्याचा गुण!" मी मीठ तोडलं आहे असं त्यानं परस्पर धरून चाललं होतं. लगेच म्हणाला, "आता पुढच्या वर्षी दोघं." मी दुसरी थाप मारली, आकडा गोळ्यांमुळे आहे, डॉक्टर अजून नकोच म्हणतात म्हणून.

तेव्हापासून माझं मीठ बंद झालं ते झालं. हिवाळ्यात त्याच्या शेतात भरीत पार्टी व्हायची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जायची, लाकडी उखळात मिरची-लसूण कुटला जायचा. मीठ पडायच्या आत सुधाकर ओरडायचा, "थांबा रे, मास्तरांचं काढू द्या!" माझी वाटी वेगळी. सगळे बोटं चाटायचे आणि मी ते फिकं भरीत गिळायचो. दोन हिवाळे. तो समोर बसून विचारायचा, "घशाखाली जाते ना?" मी मान हलवायचो. मिठासाठी जीव तुटायचा, पण मागायचं कोणत्या तोंडानं?

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. त्यांनी आतून तंबू आणला. "भाऊ, हा तुम्ही न्या. तुमचं बीपी उतरलं की तुम्ही जाणार, असं म्हणायचे." मग पान वाढलं. भरीत होतं. ताटाशेजारी वाटी ठेवत म्हणाल्या, "तुमचं आधीच काढलंय हो." मिठाची बरणी हाताशी होती. मी वाटी पुसून खाल्ली आणि तंबू घेऊन घरी आलो.

तो माझ्या कपाटावर आहे. काल गच्चीवर उभा करायला गेलो, एकट्याला जमला नाही.

वहिनी पेपरची ही पुरवणी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचतात, मला ठाऊक आहे. म्हणून इथं लिहिलं, समोर बसून झालं नसतं. वहिनी, मला बीपी नाही. मी घाबरलो होतो, आणि सुधाकरला एकटं जाऊ दिलं. यानंतरही मला भरीत खायला बोलवावं असं तुम्हाला वाटलं, तर माझी वाटी वेगळी काढू नका.