बाईंनी आभाळ मोकळं सांगितलं

द्राक्षाचा बेदाणा आपोआप होत नाही. घड द्रावणात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे आणि माल वाळेपर्यंत आभाळाकडं बघत बसायचं. शेड म्हणजे तरी काय, लोखंडी खांब, वर पत्रा, आत एकावर एक जाळ्यांचे मजले, आणि चारी बाजूंना वर गुंडाळून बांधलेला प्लास्टिकचा कागद. पाऊस आला की दोऱ्या सोडून कागद खाली घ्यायचा, एवढंच काम. पण हा कागद उगीच सोडला तरी वाटोळं. वारा कोंडतो, आत वाफ धरते, हिरवागार माल लाल पडतो. आमच्या तासगाव भागात चैत्रात नवराबायकोची भांडणं होतात ती कागदावरून, हे मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगते.

आमच्या घरात मात्र हे भांडण नव्हतं. आमच्याकडं कागदाचा निकाल रेडिओ द्यायचा.

हसू नका, सांगते. माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. तिथं रेडिओ गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकवायचा. वडील तार घेऊन झाडावर चढायचे आणि वरून ओरडायचे, "आता लागलं का गं?" तोवर गाणं संपलेलं असायचं. लग्न होऊन इकडं आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की गाण्यात मागं बासरीसुद्धा असते. मालक तेव्हा फौजेत होते. सुट्टीवर येताना त्यांनी रेडिओ आणला आणि तो शेतात, घरात, मग शेडमध्ये असा आमच्याबरोबर फिरत राहिला.

आमच्या भागातल्या केंद्रावर दुपारी फर्माईशीची गाणी लागत. निवेदन करणाऱ्या एक बाई होत्या. गाणं कुणी गायलं, चाल कुणाची, सगळं सांगायच्या आणि गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवायच्या. आणि बेदाण्याच्या दिवसांत दोन गाण्यांच्या मधे म्हणायच्या, "शेडवाल्यांनो, आज जरा जपून बरं का, मावळतीकडं ढग धरतायत." स्वतः बागायतदाराच्या घरातल्या असाव्यात. नाहीतर कोण सांगतंय? एका वर्षी त्यांच्या त्या एका वाक्यावर आम्ही कागद सोडला आणि अख्ख्या शिवारात आमचाच माल वाचला. तेव्हापासून मालकांनी नियमच करून टाकला. बाई बोलल्या तर कागद सोडायचा. नाही बोलल्या तर हात लावायचा नाही.

पुढं रेडिओ बिघडत गेला. म्हणजे डबा नाही बिघडला, आतली माणसं बिघडली. कार्यक्रम दुसऱ्या मोठ्या शहरातून यायला लागला. एक पोरगा आणि एक पोरगी उगीचच हसत बसायची. काय झालं म्हणून हसताय, ते काही सांगायची नाहीत. गाणं सुरू झालं की दुसऱ्या कडव्याच्या आत कापायचं आणि फ्लॅटची जाहिरात. अहो, आम्ही इथं जाळीवर द्राक्षं पसरतोय, आम्हाला कुठला फ्लॅट? पण मधूनच एखाद्या दुपारी बाईंचा तो जुना आवाज यायचा आणि मालक खूश व्हायचे. बाई निवृत्त झाल्या असं बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. मालकांनी त्याला वेड्यात काढलं. "निवृत्त झाल्यात तर काल काय त्यांचं भूत बोललं व्हय?"

तर हे यंदाचं सांगते.

गेल्या साली आमचा माल बुरशीनं गेला होता. यंदा मुलानं हंगामाआधीच स्पष्ट सांगितलं, "आबा, यंदा शेवटचं. माल हाताला लागला तर बाग ठेवू. न्हाई लागला तर जेसीबी लावून बाग काढायची आणि ऊस लावायचा." बाग मालकांनी फौजेतून सुटून आल्यावर स्वतः लावलेली. त्या दिवसापासून ते शेडमध्येच झोपायला लागले.

त्यात सूनबाईचा मोबाईल. मोबाईलवर ढगाचं चित्र येतं, त्यात वीज दाखवली की पाऊस. या हंगामात त्या चित्रावर आम्ही दोनदा कागद सोडला. दोन्ही वेळा थेंब पडला नाही, आणि वरच्या मजल्यावरचा माल लालसर झाला. मालक तिला बोलले नाहीत, पण मूठभर लाल बेदाणे आणून तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले. पोरगी रडली. मी मालकांना म्हटलं, "आवं, तिनं काय पाऊस अडवला का?" तर म्हणाले, "मोबाईल तिचा, माल माझा."

त्या दुपारी मुलगा ट्रॅक्टर घेऊन तासगावला गेला होता. शेडमध्ये आम्ही तिघंच. माल जवळजवळ वाळला होता, चार दिवसांत उतरवायचा होता. सगळ्यात वाईट वेळ हीच. वारा साफ पडला होता. अंगाला घाम चिकटत होता. मावळतीला आभाळ काळं नव्हतं, पण पांढुरकं, दुधावर साय धरावी तसं झालं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

सूनबाई मोबाईल बघून म्हणाली, "मामा, वीज दाखवतंय."

"दाखवू दे."

"मामा, खरंच, लय मोठा ढग हाय. अर्ध्या जिल्ह्यावर."

"दोनदा दाखवला की. आता तिसऱ्यांदा माल लाल करू?"

ती माझ्याकडं बघायला लागली. आत्या, तुम्ही तरी बोला, असं ते बघणं. मी मालकांकडं बघितलं. ते खिळ्यावरच्या रेडिओचा कान पिरगाळत होते. आधी ती पोरं हसत होती. "काय मस्त क्लायमेट आहे ना बाहेर!" असं काहीतरी. मला वाटलं, बाहेर म्हणजे कुणाच्या बाहेर? मग खरखर झाली, मी पाणी आणायला गेले, आणि परत आले तर बाई बोलत होत्या.

मला सुद्धा हायसं वाटलं, खोटं का सांगू. तोच आवाज, तोच सावकाशपणा. एक गाणं झालं, अगदी पूर्ण झालं, आणि बाई म्हणाल्या, "आज आभाळ मोकळं राहणार आहे. शेडवाल्यांनी निर्धास्त कामं करावीत."

मालक सुनेकडं वळले. "ऐकलंस?"

मोबाईल पालथा घालून सूनबाईनं बेदाण्याच्या पाटीवर ठेवला. मालकांना एवढा जोर आला की त्यांनी उत्तरेकडचा अर्धा सोडलेला कागद पण वर गुंडाळून बांधून टाकला. पक्की फौजी गाठ. म्हणाले, "हवा खेळू दे."

हवा कुठं खेळत होती? पान हलत नव्हतं. बांधापलीकडं आक्काची शेड, तिथंही कागद वरच होता. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. थोरले दीर वारल्यापासून एकटीच शेड बघते. गडी लावते, पण दुपारी एकटीच राखणीला बसते. तिच्याकडं मोबाईल नाही. ती आमच्या कागदाकडं बघून आपला कागद ठरवते. म्हणजे मालकांनी गाठ मारली ती दोन शेडींना बसली.

मी बेदाण्यातल्या काड्या निवडत बसले. दोन गाणी झाली. बाई फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायला लागल्या. कवठ्याचे अमके, पलूसचे तमके. आणि मग त्यांनी आमच्या गावाचं नाव घेतलं आणि पुढं आमच्या थोरल्या दिरांचं.

माझा हात तिथंच थांबला.

"आवं," मी म्हटलं, "हे नाव..."

"गावात एका नावाची दहा माणसं हायत," मालक म्हणाले. पण त्यांचीही नजर रेडिओवरून हलली नव्हती.

बाई पुढं वाचत होत्या. "त्यांच्या सौभाग्यवती... आणि त्यांची बैलजोडी." आणि बाई हसल्या. हे ऐकून पूर्वी आम्हीही त्यांच्याबरोबर हसायचो. थोरल्या दिरांना ती खोडच होती. फर्माईशीच्या पत्रात सगळे आपल्या बायकापोरांची नावं लिहितात, हे बैलांची सुद्धा लिहायचे. दुसरा कोण लिहिणार? आणि ती बैलजोडी तर दीर जायच्या आधीच विकली होती.

मी मालकांकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं. बाई आज बोलत नव्हत्या. कुठल्यातरी जुन्या साली बोलल्या होत्या, आणि ते मोकळं आभाळही त्याच साली होतं. केंद्रातल्या कुणीतरी जुनी फीत लावून दिली होती. सुरुवातीला तसं सांगितलंही असेल, पण ते खरखरीत गेलं आणि मी पाणी आणायला गेले होते. पण हवामान तरी कापायचं ना रे बाबांनो! गाणी कापता आणि हे ठेवता?

"कागद!" मालक ओरडले. "पोरी, कागद!"

आणि त्याच वेळी वारा सुटला. सुटला म्हणजे अंगावरच आला. बागेतल्या तारा शिट्टी घालायला लागल्या. सूनबाई दक्षिणेला धावली, मी पूर्वेला. माझी दोरी सुटली, कागद फडाडून खाली आला, त्याच्या तळाला दगड ठेवायचे तर तो मलाच ओढायला लागला. मालक उत्तरेला त्यांच्या फौजी गाठीशी झटत होते. गाठ सुटेना. दातांनी ओढली तरी सुटेना. सूनबाई आपली बाजू करून आली, तिनं घड कापायची कात्री घेतली, "मामा, सरका," म्हणाली आणि दोरीच कापली. मालक सरकले. आमच्या घरात ते सुनेच्या सांगण्यावरून सरकलेले मी पहिल्यांदाच बघितले.

मावळतीची बाजू राहिली होती आणि थेंब आले. टपोरे, तिरके. तिघांनी मिळून ती ओढली तोवर कडेच्या रांगेतल्या सगळ्या जाळ्या भिजल्या होत्या.

तेव्हा मला आक्का आठवली.

तिचा कागद अजून वरच होता. मी पदर डोक्यावर घेऊन बांध ओलांडला. बघते तर आक्का शेडमध्ये जाळीखाली बसलेली, मांडीवर रेडिओ, दोन्ही हात त्याच्यावर. डोक्यावर सगळ्या वर्षाचा माल, बाहेर वारा असा घोंगावतोय, आणि ही हलायला तयार नाही.

"आक्का, ऊठ! कागद!"

"गप," ती म्हणाली. "त्यांचं गाणं लागलंय."

"आक्का, माल जाईल गं!"

"जाऊ दे. गप म्हणते ना."

मी दोरीला हात घातला, पण एका माणसाचं ते काम नव्हे. नावांची यादी संपून गाणं आत्ता कुठं पहिल्या कडव्यात आलं होतं. मला ते गाणं पाठ आहे. तीन कडवी आहेत, शेवटी मुखडा दोनदा. ते संपेपर्यंत जाळीवर काही राहणार नाही हे मला दिसत होतं. ओढून काढावी तर कशी? दीर गेले तेव्हासुद्धा ती अशी बसली नव्हती. मी नुसती दोरी धरून उभी राहिले.

आणि दुसरं कडवं सुरू झालं आणि कापलं. मधेच, शब्द तोंडात असताना. "आता स्वप्नातलं घर तुमच्या बजेटमध्ये!"

आक्कानं रेडिओकडं असं बघितलं की मला वाटलं आता फेकते. "मेल्यांनो," ती म्हणाली. "मेल्यांनो, पुरं तरी होऊ द्यायचं." आणि उठली. मग मात्र अशी उठली की विचारू नका. एका बाजूला ती, एका बाजूला मी. तोवर मालक आणि सूनबाईही बांध ओलांडून आले. पुढची फक्त एक बाजू भिजली, बाकी सगळं कागदाच्या आत आलं. मग पाऊस धो धो कोसळला. आम्ही चौघं जाळ्यांच्या मधे उभे. पत्र्यावर एवढा आवाज की बोललेलं ऐकू येईना, आणि तेच बरं होतं.

संध्याकाळी मुलगा आला. त्यानं ओल्या जाळ्या बघितल्या, कोरड्या बघितल्या, मूठभर बेदाणा घेऊन दाबून बघितला. आम्ही तिघंही त्याच्या तोंडाकडं बघत होतो. कापलेली दोरी हातात घेऊन त्यानं विचारलं, "ही कुणी कापली?"

"मी," सूनबाई म्हणाली.

"पुढच्या वर्षी दोऱ्या बदलायला पाहिजेत," तो म्हणाला. "नायलॉनच्या आणू."

मालक उठून बागेकडं चालत गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. मीही हाक मारली नाही.

आता कागदाचं सूनबाई बघते. मालक तिला सरळ विचारत नाहीत. माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणतात, "आभाळाचं काय कळंना बाबा," आणि ती पाटीमागून उत्तर देते. तिचा मोबाईल अजूनही चुकतो. चुकला की चहाच्या कपाशेजारी आता कुणी काही ठेवत नाही.

रेडिओ आहे खिळ्यावरच. मी त्याच्यावर रागावलेली आहे आणि तो राग काही जात नाही. जुनं वाजवा, खुशाल वाजवा, आमच्यासारख्यांना तेच हवंय. पण जुनं आहे असं म्हणा, आणि गाणं पुरं वाजवा. एवढंसुद्धा जमत नसेल तर कशाला चालवता?

पण आक्का दुपार झाली की आपला डबा मांडीवर घेतेच. परवा बांधावरून मला विचारलं, "परत लावतील का गं ते? राहिलेलं कडवं?"

मी म्हटलं, लावतील की. दुसरं काय सांगणार होते?